अर्थमंत्र्यांचा ठसका

आईच्या वाढदिवसाला ओमेर येणार, हे पेतीत-आन्स गावात कोणाला सांगावं लागत नसे. पण यंदा वाढदिवस आला रविवारी आणि बजेट दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी. देशाचा अर्थमंत्री ऐन बजेटच्या तोंडावर ऑटवा सोडून गावाला जेवायला जातो, हे पंतप्रधानांना मुळीच पटलं नव्हतं.

"साहेब," ओमेर त्यांना म्हणाला होता, "तुमचा राग मी सोसेन. आईचा नाही सोसवत."

आणि तो आला. बायको क्लोदेतला घेऊन, विमानानं मॉन्क्टनपर्यंत आणि पुढं वितळत्या बर्फाच्या चिखलातून भाड्याच्या गाडीनं. दुपारी जेवायचं आणि संध्याकाळच्या विमानानं परत जायचं, असा बेत होता.

स्वयंपाकघरात ओमेरची थोरली बहीण लिओनी बटाटे किसत होती. गावच्या शाळेची मुख्याध्यापकी सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, पण अजून ती बटाट्यांकडेसुद्धा गृहपाठ न केलेल्या पोरांकडे बघावं तशी बघायची. क्लोदेत मदतीला म्हणून आत आली. ती क्वेबेक शहरातली, वकिलाची मुलगी. सासरी, गोत्रोंच्या घरात येऊन तिला उभा जन्म झाला होता, पण किसणी अजून तिच्या हातात कोणी दिली नव्हती.

"बस तू," लिओनी म्हणाली. "हात कापून घेशील. बरं, मला एक सांग. उद्या काय काय वाढवणार आहे तो?"

"मला नका विचारू, वन्सं. ओमेर एरवी झोपेत बडबडतो. पण बजेटच्या महिन्यात झोपेतसुद्धा त्याचं तोंड गच्च मिटलेलं असतं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"मला फक्त त्याचे नवे बूट माहीत आहेत. बजेटला नवे बूट घालायचे, अशी तिथली रीत आहे ना. ते चावतात म्हणून परवापासून घरभर घालून फिरतोय. मी म्हटलं, अरे, निदान बूट का चावतात ते तरी सांग. तर म्हणतो, उद्यापर्यंत काही विचारू नकोस."

लिओनीला हसू आलं. तिनं एक बटाटा उचलून क्लोदेतच्या पुढं ठेवला. किसणी मात्र दिली नाही. "साल काढ," म्हणाली.

जेवायला सगळे बसले तेव्हा फिदेल आला. अंगाला डांबराचा आणि बोटीचा वास. तो सगळ्यांत मोठा. मग लिओनी, मग ओमेर. वडिलांकडे एकाच मुलाला पाद्र्यांच्या कॉलेजात पाठवण्यापुरते पैसे होते. फिदेल वर्गात पहिला यायचा, तरी कॉलेजात गेला ओमेर, आणि फिदेल गेला वडिलांच्या बोटीवर लॉबस्टर पकडायला. ही हकिकत झेलियाआई दर नाताळला सांगायच्या आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी रडायच्या.

आज त्या टेबलाच्या टोकाला निळा पोशाख घालून बसल्या होत्या. ऐंशीच्या झाल्या तरी ऐकू नीट येत होतं. न ऐकायचं असेल तेवढंच येत नसे.

"ह्याला मी बिशप करणार होते," त्या बटाट्याचे उकडलेले गोळे वाढता वाढता म्हणाल्या. या गोळ्यांना गावात पुतीन म्हणत. आत खारवलेलं डुकराचं मांस, वरून काकवी. "तर हा मच्छीमारांच्या सोसायटीत हिशेब लिहायला बसला. तिथून निवडणुकीला उभा राहिला. आणि शेवटी झाला काय, तर जकातदार."

"अर्थमंत्री, आई," ओमेर म्हणाला.

"तेच ते."

"आणि मधे मत्स्यमंत्री झाला होता, ते विसरू नकोस," फिदेल म्हणाला.

झालं. टेबलावर सगळ्यांचे काटे थांबले. ओमेर मत्स्यमंत्री असताना लाटा अडवायला एक दगडी बांध मंजूर झाला होता. पेतीत-आन्सला द्यायचा की शेजारच्या काप-रूजला, एवढाच प्रश्न होता. इंजिनियर म्हणाले, दोन्हीकडे सारखीच गरज आहे. ओमेरनं रात्रभर येरझाऱ्या घातल्या आणि बांध काप-रूजला दिला. स्वतःच्या गावाला दिला असता तर लोक काय म्हणाले असते? काप-रूजचे लोक काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी बांधाला त्याचं नाव दिलं. आणि इकडे दर हिवाळ्याच्या तोंडाशी वादळात फिदेलच्या बोटीची एखादी तरी फळी निघायची.

"काप-रूजच्या बायका चर्चमध्ये माझा हात हातात घेऊन आभार मानतात," झेलियाआई म्हणाल्या. "एवढा अपमान माझ्या सासूनंसुद्धा केला नव्हता."

"आई, बास," लिओनी म्हणाली. पण ती बघत होती ओमेरकडे, आणि त्या बघण्यात काही फारशी माया नव्हती.

ओमेरनं एक युक्ती योजली. तोंडात घास असला की उत्तर द्यावं लागत नाही. त्यानं पुतीन मधोमध फोडला आणि अर्धा गोळा अख्खा तोंडात घातला.

नेमकं तेव्हाच फिदेल म्हणाला, "बरं, ते सोड. मला एवढंच सांग. सीझन तोंडावर आलाय. डिझेल आत्ताच भरून ठेवू, का थांबू थोडं?"

पुतीन वरून कोमट दिसतो, पण आत निखारा असतो. ओमेरला तो गिळवेना आणि सगळ्यांसमोर थुंकवेना. त्याला असा काही ठसका लागला की तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बोलता तर येईना. त्यानं फिदेलकडे बघितलं आणि पाण्याच्या भांड्याकडे हात करून हवेत गोल गोल फिरवला. ओत, ओत, लवकर ओत!

पाणी क्लोदेतनं ओतलं. फिदेल खुर्चीवरून उठला आणि भावाची पाठ थोपटायला लागला. ठसका थांबला तरी थोपटतच राहिला. मग वाकून त्याच्या कानात म्हणाला, "कळलं रे. कळलं मला."

आणि केक कापायच्या आधीच कोट घालून तो बाहेर पडला.

"बांधाचा राग गेला नाही अजून," ओमेर घसा चोळत म्हणाला.

---

फिदेलला राग आला नव्हता. ट्रक चालवताना तो शीळ घालत होता, आणि बायको गेल्यापासून त्याला शीळ घालताना कोणी ऐकलं नव्हतं.

डिझेलचे चार पैसे वाचतील याचा आनंद होताच. पण खरं सुख निराळंच होतं. इतक्या वर्षांत ओमेरनं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. निवडणुकीला उभा राहणार हे फिदेलला रेडिओवर कळलं, मंत्री झाला हे न्हाव्याकडे कळलं, आणि बांध काप-रूजला गेला हे काप-रूजच्याच एका माणसानं हसत हसत सांगितलं. आज मात्र सगळ्यांच्या देखत, नोकरी पणाला लावून, भावानं भावाला खूण केली. खोकून का होईना, पण सांगितलं! आणि तो हात! भर, भर, लवकर भर!

तेओफिलच्या पंपावर त्यानं ट्रकमधली रिकामी पिंपं खाली उतरवली.

"किती देऊ?" तेओफिलनं विचारलं.

"आहे तेवढं दे."

तेओफिलनं पिंपांकडे बघितलं, फिदेलकडे बघितलं, आणि मग गोत्रोंच्या दारात उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीकडे बघितलं. "पाहुणे आलेत वाटतं ऑटव्याहून?"

"आईचा वाढदिवस आहे," फिदेल म्हणाला. पण त्याचा चेहरा असा फुलला होता की तेओफिलला पुढं काही विचारायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी ओमेर विमानात बसला तेव्हा पंपापासून चर्चपर्यंत रांग लागली होती. कोणी पिंपं आणली होती, कोणी दुधाचे कॅन, एकानं तर अंघोळीचा टब आणला होता. पंप आटला. मग लोक काप-रूजला पळाले आणि तिथलाही पंप आटला. रेडिओवर बातमी आली: अर्थमंत्र्यांच्या बंधूंनी बजेटच्या आदल्या दिवशी डिझेलचा साठा केला.

---

ओमेर विमानतळावरून घरी न जाता थेट कचेरीत गेला. क्लोदेतही सोबत होती. सचिव हॅलिडे टेबलाशी उभे होते. ओमेर कोट काढतोय तोच फोन वाजला. लिओनी होती.

"ओमेर, सरळ सांग. डिझेल महागणार आहे का नाही?"

"ताई, अगं…"

"नसेल महागणार तर रेडिओवाल्यांना सांग ना, नाही म्हणून. मिटलं!"

"नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखंच झालं, ताई. आज मी डिझेलला नाही म्हटलं, तर लगेच साखरेचं विचारतील, मग बिअरचं. ज्याला मी नाही म्हणणार नाही तेच महागणार, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

"मग गप्प बसलास तर?"

"गप्प बसलो तर मी भावाला आधी सांगितलं असं होतं. उद्या राजीनामा मागतील. आणि द्यावा लागेल."

तिकडे पेतीत-आन्समध्ये फिदेल लिओनीच्या मागंच उभा होता. दुपारी ती मनातून फिदेलच्या बाजूची होती. आता तिनं वळून फिदेलकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात झेलियाआईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"बिशप झाला असतास तर लोक येऊन पापं सांगून गेले असते, आणि गुपित ठेवतोस म्हणून तुझ्या पाया पडले असते," त्या म्हणाल्या. "जेवलास का विमानात? घशाचं कसं आहे? घे, हा तुझा भाऊ."

फिदेलनं फोन कानाला लावला. "ओमेर, तू मला खूण केलीस ना रे?"

ओमेरनं फोनवर हात ठेवला. "हॅलिडे, जेवताना बटाटा गरम होता असं मी भावाला सांगितलं, तर तो गुप्ततेचा भंग होईल का?"

हॅलिडेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला नाही वाटत, सर. बटाट्यावर आपण काही कर…" आणि ते दचकून थांबले. "हेसुद्धा मी बोलायला नको होतं."

"दादा," ओमेर फोनवर म्हणाला, "बटाटा गरम होता."

फिदेलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हात?" फिदेलनं विचारलं. "हात फिरवलास तो? भर, भर?"

"पाणी मागत होतो."

क्लोदेतला राहवलं नाही. तिनं नवऱ्याच्या हातून फोन ओढून घेतला. "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी मी असते तर मीही भरलं असतं! ह्या माणसाच्या तोंडून बजेटच्या दिवसांत नुसता ठसका निघाला, तर त्याचा अर्थ लावायचा नाही तर काय करायचं आम्ही?"

"तू चांगली बाई आहेस, क्लोदेत," फिदेल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

लिओनी त्याला झापायला तोंड उघडणार होती. पण तो खुर्चीत बसला होता आणि टोपी हातात घेऊन तिच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखा बघत होता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "ह्या वेळी त्यानं मला सांगितलं."

लिओनीनं तोंड मिटलं आणि त्याच्या पुढं राहिलेला केक ठेवला.

"उद्या टीव्हीवाले येतील," झेलियाआई म्हणाल्या. "दार लावून घ्यायचं. कोणी तोंड उघडायचं नाही."

"तोंड न उघडूनच आपण इथवर आलोय, आई," लिओनी म्हणाली.

---

सकाळी टीव्हीची गाडी चिखलात रुतली आणि ती ढकलायला अख्खं गाव आलं. त्यामुळे फिदेल बाहेर आला तेव्हा बघायला कोणी यायचं राहिलं नव्हतं. बातमीदार बाईंनी माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"मिस्टर गोत्रो, मंत्र्यांनी तुम्हाला डिझेलबद्दल काही सांगितलं होतं का?"

लिओनी दारात उभी होती. फिदेलला खोटं बोलणं अवघड नव्हतं. सीझनसाठी दर वर्षीच भरतो, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं, आणि त्याची इज्जतही राहिली असती. त्यानं एकदा गर्दीकडे बघितलं. तेओफिल पुढंच उभा होता.

"बाई, तिकडे समुद्राकडे बघा," तो म्हणाला. "दिसतो का कुठं बांध?"

"नाही दिसत."

"नाहीच दिसणार. तो काप-रूजला आहे. माझा सख्खा भाऊ मंत्री होता, त्याच्या सहीनं बांध झाला, आणि तो शेजारच्या गावाला दिला. का, तर कोणी बोट दाखवू नये म्हणून! माझी बोट दर वर्षी फुटते. आता मला सांगा, जो माणूस भावाला चार दगड देत नाही, तो गुपित देईल?"

गर्दीत कोणीतरी हसलं.

"मग तुम्ही एवढं डिझेल का घेतलंत?"

इथं मात्र फिदेलनं टोपी काढून हातात घेतली. "मी त्याला जेवताना विचारलं. त्याच्या तोंडात गरम बटाटा होता. त्याला ठसका लागला. तो पाणी मागत होता, आणि मला वाटलं, मला खूण करतोय." त्यानं हात हवेत गोल फिरवून दाखवला. "तर मी मूर्ख ठरलो. घ्या लिहून. गोत्रोंच्या घरात दोन मुलगे. एक इतका सरळ की घराला त्याचा काही उपयोग नाही. आणि दुसरा हा मी."

"देवा!" म्हणून झेलियाआईंनी खिडकीचा पडदा ओढला. पण एका बाजूनं जरा उघडाच ठेवला.

दुपारच्या बातम्यांत हे सगळं दाखवलं, हातासकट. विरोधी पक्षनेते सभागृहात राजीनामा मागायला उभे राहिले. त्यांनी चांगलं घणाघाती भाषण तयार केलं होतं. "माननीय मंत्र्यांच्या जेवणाच्या टेबलावर नेमकं काय घडलं?" असं त्यांनी गरजून विचारलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी उत्तर दिलं, "बटाटा!" सगळं सभागृह हसलं, त्यांचा स्वतःचा पक्षसुद्धा. मग त्यांनाही हसू फुटलं आणि ते बसले.

संध्याकाळी ओमेरनं बजेट मांडलं. पेतीत-आन्समध्ये लिओनीच्या टीव्हीपुढं शेजारपाजारचे सगळे दाटीवाटीनं बसले होते. टबवालाही होता. सिगारेट महागली, दारू महागली, म्हाताऱ्यांची पेन्शन जराशी वाढली. तेव्हा झेलियाआई एकदम जाग्या झाल्या आणि "बघा माझा मुलगा!" म्हणून पुन्हा झोपल्या. ओमेर बोलत राहिला, बोलत राहिला, आणि शेवटी कागद गोळा करून खाली बसला. डिझेलचा उल्लेखसुद्धा नव्हता.

सगळ्यांनी फिदेलकडे बघितलं. फिदेलनं छताकडे बघितलं.

"मी काय म्हणतो," टबवाला म्हणाला, "आता मी अंघोळ कुठं करू?"

आणि मग जो हशा सुरू झाला तो आवरेना. सगळ्यांत मोठ्यानं तेओफिल हसत होता. त्याचा सगळा माल खपला होता.

लोक पांगल्यावर फोन वाजला. फिदेलनंच घेतला.

"दादा, मी बोलतोय. रागावलास?"

"दोन तास अख्ख्या देशाशी बोललास. दम लागला असेल. जेवलास का?"

"नाही अजून. दादा, सकाळी तू जे बोललास त्यानं मी वाचलो. तुझं किती हसं झालं, तेही ऐकलं मी." ओमेर कचेरीतूनच बोलत होता. खोलीत हॅलिडे होते, आणखी दोन अधिकारी होते, पण आता त्याला थांबवेना. "आधीच तुझं देणं फार आहे माझ्यावर. कॉलेजात तू जायला हवा होतास. हुशार तू होतास. तुझी जागा मी घेतली आणि तू जन्मभर बोटीवर राहिलास. मला ते रोज खातं, दादा."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आई सांगते. दर नाताळला."

"आईला रडायला काहीतरी लागतं रे!" फिदेल म्हणाला. "बाबांनी माझंच नाव काढलं होतं. मीच म्हटलं, मला त्या पाद्र्यांच्यात कोंडलंत तर खिडकीतून उडी मारून घरी येईन. मला पहिल्यापासून बोटच हवी होती. आणि ओमेरला बोटीवर घेतलंत तर तो मरेल, म्हटलं."

"मी? का?"

"अरे, तुला बोट लागायची! समुद्राचं सोड, धक्क्याला बांधलेल्या बोटीत उभा केला तरी तू ओकायचास. बाबा दोन दिवस विचार करत बसले आणि मग म्हणाले, ह्याला जमिनीवरचंच काहीतरी बघायला पाहिजे."

ओमेर खुर्चीत बसला. "आणि हे इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि घरात फुकटचा मोठेपणा मिळत होता. तो कोण सोडतो? चल, जेवून घे आता. आई उठली तर तिला यातलं काही सांगायचं नाही. नाताळला काय करेल बिचारी?"

फोन ठेवला तेव्हा ओमेरचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हॅलिडे घाबरून पुढं आले.

"सर, घरी काही वाईट झालं का? पंतप्रधान बाहेर थांबलेत, अभिनंदन करायला."

"नाही, नाही, बोलवा त्यांना." ओमेरनं रुमालानं तोंड पुसलं, पण हसू काही पुसलं जाईना. "हॅलिडे, मी अर्थमंत्री कसा झालो, ते आज मला कळलं."

"कसे झालात, सर?"

"मला बोट लागायची."

हॅलिडेंनी मान डोलावली आणि पंतप्रधानांसाठी दार उघडलं.